यूपीआयचं नेमकं काय? रोज विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे फोनपे अडकलं, जीपे चालेना, पैसे कट झाले असं काहीही झालं की माणसं बँकेत जायच्या आधी माझ्याकडे येतात. प्रश्न बहुतेक तेच तेच असतात पण विचारणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, कारण कोणाचे फीचे पैसे असतात कोणाचे दवाखान्याचे. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

जीपे, फोनपे, पेटीएम, भीम, यातलं खरं यूपीआय कुठलं?

ही सगळी नुसती अॅप आहेत. यूपीआय ही त्यांच्या खालची, मोबाइलवरून एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात लगेच पैसे पाठवायची व्यवस्था, आणि ती चालवते एनपीसीआय, म्हणजे रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेने मिळून २००८ मध्ये काढलेली संस्था, ऑफिस मुंबईत बीकेसीला. ११ एप्रिल २०१६ ला रघुराम राजन गव्हर्नर असताना २१ बँका घेऊन याची सुरुवात झाली, तेव्हा कोणाला पत्ताही नव्हता, ऑगस्ट २०१६ मध्ये अख्ख्या देशात महिन्याला लाखभर व्यवहारसुद्धा झाले नव्हते. मग नोव्हेंबरात नोटबंदी आली, एटीएमसमोर रांगा लागल्या, ३० डिसेंबरला भीम अॅप आलं, पुढच्या वर्षी गूगलचं तेज आलं ज्याचं नंतर गूगल पे झालं, आणि बघता बघता ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यात २००० कोटींच्या वर व्यवहार झाले, रक्कम २४.८५ लाख कोटी रुपये.

यातून एकच गोष्ट लक्षात ठेवा की तुमचे पैसे अॅपमध्ये नसतात, बँकेच्या खात्यात असतात. अॅप उडवलं तरी पैसे जात नाहीत, आणि दुसरं अॅप टाकून तेच खातं जोडता येतं. फोन हरवला म्हणून रडत आलेल्या कितीतरी जणांना मी हे सांगितलंय, आधी सिम ब्लॉक करा, बँकेला फोन करून यूपीआय बंद करायला सांगा, मग बाकीचं.

पैसे कट झाले पण समोरच्याला मिळाले नाहीत. आता?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. पहिलं म्हणजे घाईघाईत दुसऱ्यांदा पाठवू नका, पेंडिंग दिसत असेल तर थोडं थांबा, कारण कधीकधी दोन्ही जातात आणि मग दुकानदाराकडून परत मागत बसावं लागतं. अॅपच्या हिस्ट्रीत जाऊन १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर, असतो तो लिहून ठेवा, पुढे सगळं त्या नंबरवरच चालतं, नुसता स्क्रीनशॉट दाखवून बँकेत काही होत नाही.

रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसाला पाठवलेले पैसे अडकले तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत, दुकानदाराला दिलेले असतील तर पाच दिवसांत. त्याच्या पुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची आणि ती स्वतःहून द्यायची, तुम्ही मागायची वाट बघायची नाही. हा नियम काउंटरवर नाव घेऊन सांगा. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं आणि ते ‘साहेब बघा ना काहीतरी’ म्हणत उभे राहतात, तसं उभं राहायची काही गरज नाही, तो तुमचा हक्क आहे.

चुकून दुसऱ्याच नंबरवर गेले तर?

हे अवघड. पैसे अडकले तर यंत्रणा परत देते पण तुम्हीच पिन टाकून चुकीच्या माणसाला पाठवले तर यंत्रणेच्या दृष्टीने व्यवहार बरोबर झालेला असतो, मग त्या माणसाच्या संमतीशिवाय बँक ते पैसे काढून घेऊ शकत नाही. अॅपमध्ये तक्रार टाका, बँकेत लेखी द्या, एनपीसीआयच्या वेबसाइटवरही तक्रारीची सोय आहे. आणि थेट त्या माणसाला फोन करून बघा, पुष्कळ जण देतात परत.

२०२५ च्या जून अखेरपासून पैसे पाठवायच्या आधी बँकेत नोंदलेलं खरं नाव दाखवणं अॅपना बंधनकारक झालंय, आपण सेव्ह केलेलं ‘पप्पू दूधवाला’ नाही तर खात्यावरचं नाव. ते वाचा. एक सेकंद लागतो. मोठी रक्कम असेल तर आधी १ रुपया पाठवून समोरच्याला विचारून घ्या, घरभाड्याचं डिपॉझिट, कॉलेजची फी, जागेचा टोकन, अशा वेळी तर हमखास.

२००० च्या वर पाठवलं की चार्ज लागतो, जीएसटी लागतो, खरं का?

नाही. बँक खात्यातून केलेल्या यूपीआयवर तुम्हाला काही लागत नाही. हा मेसेज दर वर्षी नव्याने फिरतो म्हणून तो कुठून आला ते सांगते. १ एप्रिल २०२३ पासून वॉलेटमधून, म्हणजे आधी पैसे भरून ठेवलेल्या खिशातून, दुकानदाराला २००० च्या वर दिले तर १.१ टक्क्यांपर्यंत इंटरचेंज नावाचं शुल्क लागू झालं, ते कंपन्यांच्या आपसात. लोकांनी तेवढंच उचललं आणि यूपीआय महाग झालं म्हणून फॅमिली ग्रुपवर टाकलं. मग एप्रिल २०२५ मध्ये जीएसटीची अफवा आली, तेव्हा अर्थ मंत्रालयाने असा कुठलाच प्रस्ताव नाही म्हणून स्वतः खुलासा केला.

तरी कोणी दुकानदार ‘यूपीआयला दोन टक्के जास्त’ म्हणत असेल तर ते त्याचं त्याचं आहे, नियमात तसं काही नाही.

मग हे फुकट परवडतं कोणाला?

हा प्रश्न कमी जण विचारतात पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. कार्ड घासलं की दुकानदाराच्या पैशातून थोडा टक्का बँका आणि कार्ड कंपन्या घेतात, त्याला एमडीआर म्हणतात. यूपीआय आणि रुपे (एनपीसीआयचंच देशी कार्ड) डेबिट कार्डावर सरकारने १ जानेवारी २०२० पासून तो शून्य केला. दुकानदार खूश, आपण खूश, पण सर्व्हर, माणसं, तक्रारी, फसवणूक रोखायची यंत्रणा, याचा खर्च तर होतोच आहे आणि व्यवहार जितके वाढतात तितका तो वाढतो.

सरकार बँकांना त्याबदल्यात प्रोत्साहन निधी देतं. २०२३-२४ साठी तो ३,६३१ कोटी होता, २०२४-२५ साठी १,५०० कोटी मंजूर झाले, त्यातही लहान दुकानदारांच्या २००० पर्यंतच्या व्यवहारांवर ०.१५ टक्के असा हिशोब. म्हणजे व्यवहार वाढत चाललेत आणि मदत कमी. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनीही २०२५ मध्ये सांगितलंय की खर्च कोणालातरी उचलावा लागणारच.

मला विचाराल तर तो मोठ्या दुकानांनी उचलावा, मॉल, ऑनलाइन कंपन्या, विमानाची तिकिटं विकणारे, ज्यांना कार्डावर टक्का द्यायची सवय आहेच त्यांनी. पण दहा रुपयांची कोथिंबीर विकणाऱ्या बाईकडून एक पैसाही घेऊ नये. तिने ही पद्धत उचलली कारण ती फुकट होती आणि सुट्ट्याची कटकट गेली. तिला टक्का लावला तर ती दुसऱ्या दिवशी स्टिकर फाडून टाकेल आणि तिचं बरोबरच असेल. अॅप कंपन्यांना यूपीआयमधून थेट कमाई जवळपास नाहीच, त्या रिचार्ज, विमा, कर्ज, सोनं, जाहिराती आणि साउंडबॉक्सच्या (पैसे आले की दुकानात बोलतो तो डबा) भाड्यावर कमावतात. म्हणून तुम्ही लाइट बिल भरायला अॅप उघडलं की आधी ‘तुम्हाला दोन लाखांचं कर्ज मंजूर’ असं येतं. ते बिल नाही, ते त्यांचं दुकान आहे, सरळ बंद करा.

काही दुकानदार पुन्हा ‘फक्त कॅश’ का म्हणायला लागलेत?

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूत काय झालं ते बघा. कर्नाटकच्या व्यावसायिक कर विभागाने यूपीआयचा डेटा घेऊन हजारो छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या, बेकरीवाले, चहावाले, भाजीवाले, दूधवाले. काहींना मागच्या चार वर्षांचा हिशोब मागितला. लगेच दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ असे कागद चिकटले, बंदची हाक दिली गेली, शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी व्यापाऱ्यांशी बैठक घेतली आणि जुनी थकबाकी वसूल करणार नाही पण नोंदणी करा असं सांगितलं.

ही बातमी आमच्याकडे पोहोचली तेव्हा स्टँडवरचे तीन-चार जण घाबरून विचारायला आले होते. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. मालाच्या धंद्यात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आणि सेवेच्या धंद्यात २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ताजी भाजी, सुटं दूध यावर जीएसटीच नाही, फक्त तेच विकत असाल तर नोंदणीचा प्रश्न येत नाही. आणि यूपीआयवर आले म्हणून कर लागतो आणि रोख आले म्हणून लागत नाही असं कायद्यात कुठेही नाहीये, कर उलाढालीवर असतो. खरी अडचण ही की घरचे पैसे, भिशीचे पैसे, पाहुण्याने परत केलेले उसने, सगळं एकाच स्कॅनरवर येतं आणि खात्यात ते धंद्याची उलाढाल म्हणून दिसतं. तर दुकानासाठी वेगळं खातं काढा, खरेदीची बिलं ठेवा. यात सरकारचीही जबाबदारी आहे असं मला मनापासून वाटतं, आधी लोकांना डिजिटल व्हा म्हणून सांगायचं आणि मग तोच डेटा न समजावता नोटीस म्हणून हातात द्यायचा, याने विश्वास जातो.

फसवणूक नेमकी कशी होते?

एकच वाक्य पाठ करा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडूनही पाठ करून घ्या, पैसे यायला पिन लागत नाही. पिन फक्त जायला लागतो (आणि बॅलन्स बघायला). ‘स्कॅन करा म्हणजे तुमच्या खात्यात पैसे येतील’ म्हणणारा माणूस चोर आहे, मग तो आर्मीवाला असो, कुरियरवाला असो की तुमचा जुना सोफा घेणारा असो.

पूर्वी ‘रिक्वेस्ट’ पाठवून लोकांना फसवायचे, म्हणून १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला पैसे मागायची ती कलेक्ट रिक्वेस्टच एनपीसीआयने बंद केली, चांगलं केलं. पण बाकीचे प्रकार चालूच आहेत. दुकानात सगळ्यात जास्त होतो तो खोट्या स्क्रीनचा. माझ्याकडे दोन पोरं आली होती, प्रोजेक्टच्या कलर प्रिंट आणि स्पायरल, २८० रुपये झाले, एकाने मोबाइल पुढे केला, हिरवी टिक, माझ्या दुकानाचं नाव, रक्कम, वेळ सगळं बरोबर. पण साउंडबॉक्स बोलला नाही. मी म्हटलं थांबा जरा, तर म्हणे नेट स्लो असेल ताई, बस लागलीय. मी बँकेचा मेसेज येईपर्यंत फाइल हातातून सोडली नाही, आणि मेसेज येईना म्हटल्यावर दुसऱ्याने गुपचूप रोख काढून दिली. अशी खोटी अॅप मिळतात, हुबेहूब दिसतात. गिऱ्हाइकाचा मोबाइल बघायचाच नाही, आपला बॉक्स ऐकायचा किंवा आपला मेसेज बघायचा, गर्दी असली तरी.

दुसरा प्रकार स्टिकरवर स्टिकर. रात्रीतून कोणीतरी तुमच्या क्यूआरवर स्वतःचा चिकटवून जातं आणि दिवसभराचा गल्ला त्याच्याकडे. सकाळी दुकान उघडलं की स्वतः एक रुपया मारून नाव बघा.

तिसरा, कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधणं. तिथे चोरांनीच नंबर टाकलेले असतात, ते गोड बोलून स्क्रीन शेअर करायचं अॅप टाकायला लावतात. नंबर कायम अॅपच्या आतून किंवा पासबुकाच्या मागून घ्या.

झालीच फसवणूक तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट पळवले जातात, जितक्या लवकर तक्रार तितकी ते मधे कुठेतरी रोखले जाण्याची शक्यता जास्त. घरचे काय म्हणतील म्हणून दोन दिवस गप्प बसणाऱ्यांचेच पैसे जातात हो.

काही न करता माझं खातं फ्रीझ झालं, असं कसं?

चोरीचे पैसे फिरत फिरत जातात आणि त्यातला कोणीतरी तुमच्या दुकानात ५०० रुपयांचं पेट्रोल किंवा जेवण घेतो. तक्रारीचा माग काढत दुसऱ्या राज्यातले पोलीस बँकेला कळवतात आणि बँक तेवढी रक्कम, कधीकधी अख्खं खातंच, अडकवते. बँकेतून तक्रारीचा पोचक्रमांक आणि पोलीस स्टेशनचं नाव लेखी मागा, त्या तारखेचं बिल किंवा सीसीटीव्ही असेल तर घ्या आणि त्या पोलीस स्टेशनला ईमेलने पाठवा, फक्त वादाची रक्कम अडकवा बाकी खातं सोडा अशी विनंती करा. वेळ खाणारं काम आहे, चिकाटी लागते.

आणि कॉलेजच्या पोरांनो, तुमचं खातं, एटीएम आणि सिम ‘महिन्याला पाच हजार देतो’ म्हणून कोणालाही वापरायला देऊ नका. त्यातून चोरीचा पैसा फिरतो आणि गुन्हा तुमच्या नावावर लागतो. आमच्या भागातसुद्धा अशी विचारणा होते, घरच्यांनी पोरांशी बोला.

सर्व्हर डाऊन का होतो?

कधी तुमच्या बँकेचा, कधी समोरच्याच्या बँकेचा, कधी अॅपचा, आणि क्वचित मधल्या एनपीसीआयचा. १२ एप्रिल २०२५ ला कित्येक तास सगळीकडे अडकलं होतं, नंतर कळलं की काही बँकांकडून ‘व्यवहार झाला का’ असं विचारणाऱ्या चौकशांचाच पूर आला होता. म्हणूनच ऑगस्ट २०२५ पासून एका अॅपवर दिवसाला ५० वेळाच बॅलन्स बघता येतो. त्याआधी मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि फोनपे तेव्हा त्याच बँकेवर चालत असल्यामुळे एका रात्रीत बंद पडलं.

म्हणून दोन वेगळ्या बँकांची खाती दोन वेगळ्या अॅपवर ठेवा, आणि प्रवासाला निघताना पाचशे-हजार रोख खिशात असू द्या.

दोनच कंपन्यांकडे सगळं आहे, हे बरं का?

नाही बरं. फोनपे आणि गूगल पे मिळून पाचातले चार व्यवहार होतात, एकाची मालक वॉलमार्ट आणि दुसरं गूगलचं. एनपीसीआयने २०२० मध्येच एका अॅपला एकूण व्यवहारांच्या ३० टक्क्यांची मर्यादा घातली पण मुदत पुढे पुढे जात ३१ डिसेंबर २०२६ वर आलीय. भीम वापरून बघा एकदा, साधं आहे आणि कर्ज विकत नाही बसत.

यूपीआय लाइट घ्यावं का?

घ्या. हे छोट्या रकमांसाठी आहे, यात मात्र खात्यातले पैसे अॅपमध्ये ५,००० पर्यंत टाकून ठेवायचे, १,००० पर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो, फेल कमी जातो आणि पासबुकात चहा-वडापावच्या ओळी येत नाहीत. फक्त पिन नाही म्हणजे फोनला लॉक हवाच. ऑक्टोबर २०२५ मध्ये अंगठा किंवा चेहरा वापरून ५,००० पर्यंत पैसे द्यायची सोयही आलीय.

आईकडे साधा फोन आहे / बाबांना पिन जमत नाही

साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे आहे, फोन लावून आवाजावर चालतं, इंटरनेट लागत नाही, मर्यादा १०,०००. स्मार्टफोन आहे पण खातं जोडायची भीती वाटते तर यूपीआय सर्कल बघा, तुमच्या खात्यातून त्यांना खर्च करायची परवानगी देता येते, महिन्याला जास्तीत जास्त १५,००० आणि एका वेळी ५,०००, किंवा प्रत्येक वेळी तुम्ही हो म्हटल्यावरच. आईचा पिन मुलगा टाकतो, शेजारी टाकतो, दुकानदार टाकतो असं चाललेलं मी रोज बघते, त्यापेक्षा हे शंभर पटीने चांगलं.

दिवसाची मर्यादा किती?

माणसाने माणसाला पाठवायचे तर १ लाख. दवाखाना, शिक्षण, कर भरणा याला एका वेळी ५ लाख. सप्टेंबर २०२५ पासून विमा, शेअर बाजार अशा काही ठिकाणी एका वेळी ५ आणि दिवसात १० लाख. तुमची बँक याहून कमी ठेवू शकते. नवीन फोनवर नोंदणी केली की पहिले काही तास मर्यादा कमी असते, तेव्हा फीच्या शेवटच्या दिवशी फोन बदलू नका.

क्रेडिट कार्ड जोडता येतं का?

रुपेचं असेल तर हो, आणि ते फक्त दुकानदाराला देता येतं, मित्राला नाही.

मुलगा परदेशात आहे, त्याला चालेल का?

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही फिरायला गेलात तर भूतान, नेपाळ, यूएई, सिंगापूर, मॉरिशस, श्रीलंका अशा देशांत काही दुकानांत चालतं, फ्रान्समध्ये फेब्रुवारी २०२४ ला आयफेल टॉवरच्या तिकिटांपासून सुरुवात झाली. सिंगापूरच्या पेनाउशी, म्हणजे तिथल्या यूपीआयसारख्या व्यवस्थेशी, फेब्रुवारी २०२३ पासून थेट जोडणी आहे, तिथून घरी पैसे पाठवता येतात पण ठरावीक बँकांतूनच.

आणि जो तिकडेच राहतो त्याला अमेरिका, कॅनडा, यूके, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, यूएई अशा काही देशांच्या मोबाइल नंबरवर यूपीआय घेता येतं, भारतातला नंबर लागत नाही, मात्र खातं एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांसाठी असतं ते, हवं. बरीच मुलं तिकडे जाऊन चार-पाच वर्षं झाली तरी कॉलेजातलं जुनं सेव्हिंग खातंच चालू ठेवतात आणि भारतातलं सिम आईकडे ठेवून ओटीपी विचारतात. ते नियमात बसत नाही, अनिवासी झाल्यावर साधं खातं एनआरओत बदलून घ्यावं लागतं. शिवाय रिचार्ज न केलेलं सिम कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देऊन टाकते. तेव्हा पुढच्या वेळी गणपतीला मुलगा आला की बँकेत घेऊन जा, पासपोर्ट, व्हिसा आणि तिकडचा पत्त्याचा पुरावा सोबत असू दे.